जुन्या पिकअपला डिस्क ब्रेक: काम चाकापाशी, हिशेब मास्टर सिलिंडरपाशी

१९५० आणि ६०च्या दशकांतल्या बहुतेक पिकअप चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊनच कारखान्याबाहेर पडल्या. आज त्यांच्या पुढच्या चाकांसाठी डिस्कचे तयार किट मिळते आणि हाताला पान्याची सवय असलेला माणूस ते दोन दिवसांत बसवूही शकतो. मग पहिली फेरी होते आणि तीनपैकी एक तक्रार येते. पेडल आधीपेक्षा जड लागते, किंवा ते हलके पडून पार खालपर्यंत जाते, किंवा थोडे अंतर गेल्यावर पुढची चाके तापून जळका वास येऊ लागतो.

या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुधा चाकात सापडत नाही. ते मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने तेल ढकलणारा पंप), बूस्टर (पायाच्या जोराला मदत देणारा डबा) आणि मधल्या व्हॉल्व्हमध्ये असते. डिस्कला लागणारा दाब, तेलाचे प्रमाण आणि तेल मागे फिरण्याची पद्धत, तिन्ही ड्रमपेक्षा वेगळे आहेत. म्हणून आधी हा फरक समजून घ्या. पाना त्यानंतर.

ड्रम स्वतःला मदत करतो, डिस्क करत नाही

दाराखाली सरकवलेली लाकडी पाचर आठवा. दार जितके जोरात ढकलाल तितकी ती घट्ट रुतते. ड्रममधला ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारा अर्धगोल तुकडा, असाच वागतो. फिरणारा ड्रम शूला आपल्याबरोबर ओढतो आणि त्या ओढीने शू आणखी दाबला जातो. त्या काळातल्या अमेरिकन पिकअपमध्ये पुढचा शू खालच्या अ‍ॅडजस्टरमधून मागच्या शूला ढकलतो, म्हणजे ही मदत दोनदा मिळते. त्यामुळे बूस्टर नसतानाही दीड-पावणेदोन टनांची गाडी पायाच्या जोरावर थांबायची.

याच गुणामागे ड्रमचे दोषही आहेत. घर्षण जसे वाढते तसे घटतेही, तेही दुपटीने. एका बाजूच्या ड्रममध्ये पाणी किंवा ग्रीस गेले की डाव्या-उजव्या चाकांतला छोटा फरक मोठा होतो आणि गाडी एका बाजूला ओढते. तापल्यावर ड्रमचा व्यास वाढतो, म्हणजे तो शूपासून दूर जातो आणि पेडल आणखी खाली जाते. उतारावर सतत ब्रेक धरला की शूवरचे लायनिंग तापून पकड सोडते, ती वेगळीच.

उष्णता किती, तेही बघा. १,७०० किलोची गाडी ताशी ९० किमीवरून एकदा थांबवली की सुमारे ५३० किलोज्यूल उष्णता तयार होते. दीड लिटर गार पाण्याला उकळी आणायला साधारण एवढीच उष्णता लागते, आणि इथे ती काही सेकंदांत धातूत उतरते. ड्रममध्ये ती बंद डब्यात अडकते. डिस्कच्या दोन्ही बाजू हवेत उघड्या असतात आणि दोन थरांची, मधून हवा खेळणारी डिस्क असेल तर आतूनही थंड होते. शिवाय तापलेली डिस्क तिला दोन्ही बाजूंनी घासणाऱ्या पॅडच्या दिशेने फुगते, त्यामुळे पेडल खाली जात नाही.

पण डिस्कमध्ये पाचरीची मदत नाही. पॅड सरळ दाबला जातो आणि जेवढा दाब द्याल तेवढीच पकड मिळते. ड्रमच्या हिशेबाने बनवलेले मास्टर सिलिंडर आणि पेडल तसेच ठेवून पुढे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) लावला की पेडल जड लागते, ते यामुळे.

थोडे गणित, कारण पुढचे सगळे त्यावर आहे

समजा पायाचा जोर ३० किलो आहे. बूस्टर नसलेल्या पेडलचे प्रमाण साधारण ६ : १ असते, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर १८० किलो जोर पोचतो. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) १ इंच असेल तर पिस्टनचे क्षेत्रफळ ५.०७ चौ. सेमी होते आणि दाब येतो सुमारे ५०० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड). तोच बोअर १ १/८ इंच केला, तर क्षेत्रफळ ६.४१ चौ. सेमी होते आणि दाब ४०० पीएसआयपर्यंत उतरतो. बोअर अवघा १/८ इंच मोठा झाला आणि दाब एक-पंचमांशाने पडला.

पिकअपच्या डिस्कला जोरात थांबताना ९०० ते १,२०० पीएसआय दाब लागतो. म्हणून "मोठे मास्टर सिलिंडर म्हणजे जास्त ब्रेक" हा समज सोडून द्या. मोठा बोअर जास्त तेल ढकलतो, पेडल कमी खाली जाते, पण दाब कमी मिळतो. बूस्टर नसेल तर १ इंच किंवा त्याहून थोडा लहान बोअर घ्या. बूस्टर असेल तर १ इंच ते १ १/८ इंच चालतो.

आता बूस्टरचा हिशेब. इंजिनची व्हॅक्यूम १८ इंच पारा असेल तर ९ इंची एकपदरी (आत एकच पडदा असलेला) बूस्टर आदर्श स्थितीत जास्तीत जास्त २५० किलोच्या आसपास मदत देतो, ७ इंची सुमारे १५० किलो. बूस्टरसोबत पेडलचे प्रमाण ४ : १ च्या जवळ ठेवतात. पुन्हा ३० किलोचा पाय धरू. १२० अधिक २५०, म्हणजे ३७० किलो. १ इंच बोअरवर हा दाब हजार पीएसआयच्या वर जातो आणि १ १/८ इंचावर सुमारे ८२० होतो. जागा कमी आहे म्हणून ७ इंची एकपदरी बूस्टर लावून वर १ १/८ इंची सिलिंडर घेणाऱ्यांचे पेडल दगडासारखे का लागते, ते यातून दिसेल. जागा कमीच असेल तर दोनपदरी बूस्टर घ्या. कमी व्यासात तो जवळपास दुप्पट पडदा देतो.

व्हॅक्यूम मोजायला विसरू नका. आयडलवर गेज लावा. इंजिनमध्ये तेज कॅमशाफ्ट बसवला असेल तर व्हॅक्यूम १२ इंचांवर येऊ शकते, म्हणजे बूस्टरची एक-तृतीयांश ताकद गेली. अशा गाडीला व्हॅक्यूम पंप लागतो, किंवा पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर.

पेडलचे प्रमाण स्वतः मोजा, त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. पेडल ज्या पिनेवर झुलते तिथून पाय ठेवायच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्या आणि त्याला पिनेपासून पुशरॉडच्या भोकापर्यंतच्या अंतराने भागा. काही पेडलना पुशरॉडसाठी दोन भोके असतात. पिनेच्या जवळचे भोक बूस्टर नसलेल्या गाडीचे, लांबचे बूस्टरवाल्या गाडीचे.

मास्टर सिलिंडर: जुना ठेवू नका

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत कित्येक पिकअपना एकाच कप्प्याचे मास्टर सिलिंडर होते. चारही चाके एकाच तेलावर चालत. एक नळी फुटली की सगळा ब्रेक गेला. डिस्क बसवायची असो वा नसो, हे बदलण्यासारखेच आहे. दोन कप्प्यांच्या सिलिंडरमध्ये पुढचा आणि मागचा मार्ग वेगळा असतो, त्यामुळे एक गेला तरी दुसरा हाताशी राहतो.

डिस्क-ड्रमसाठी बनवलेल्या सिलिंडरमध्ये डिस्ककडचा कप्पा मोठा असतो, आणि त्याला कारण आहे. जनरल मोटर्सच्या पिकअपमधल्या एकपिस्टनी कॅलिपरचा पिस्टन २.९४ इंच, म्हणजे सुमारे ७५ मिमी व्यासाचा असतो. त्याचे क्षेत्रफळ जवळपास ४४ चौ. सेमी. नवा पॅड झिजून ८ मिमी कमी झाला आणि आतला-बाहेरचा दोन्ही पॅड मिळून पिस्टन १६ मिमी पुढे आला, तर एका कॅलिपरमध्ये ७० मिली तेल जास्त जाऊन बसते. दोन्ही चाकांचे मिळून १४० मिली. ड्रमच्या व्हील सिलिंडरला असे होत नाही, कारण शू झिजला की अ‍ॅडजस्टर त्याला पुढे आणून ठेवतो. ड्रमसाठीचा छोटा कप्पा डिस्कला जोडला तर पॅड झिजता झिजता तो गुपचूप रिकामा होतो, आणि एके दिवशी सिलिंडर हवा ओढतो.

चाके तापण्याचे सर्वांत मोठे कारणही इथेच लपलेले असते. ड्रमच्या सिलिंडरमध्ये तेल बाहेर जाते त्या तोंडाशी एक छोटा रबरी व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो नळीत सुमारे १० पीएसआय दाब अडवून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्या भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत शिरत नाही. शूच्या स्प्रिंगा या दाबाला पुरून उरतात. पण कॅलिपरला परत ओढणारी स्प्रिंगच नाही. पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील ब्रेक दाबताना किंचित पिळले जाते आणि सोडल्यावर आपल्या जागी येताना पिस्टनला केसभर मागे घेते. तेवढ्यावरच पॅड सुटतो. १० पीएसआय गुणिले ४४ चौ. सेमी म्हणजे पाय पेडलवर नसतानाही पॅड ३० किलोच्या जोराने डिस्कवर दाबलेला. मग चाक तापणारच.

हा व्हॉल्व्ह आहे की नाही, ते बघायला बारीक बोथट तार नळीच्या भोकातून हळूच आत घाला. पितळी बैठकीच्या मागे रबराला अडली तर व्हॉल्व्ह आहे. तार सरळ बोअरपर्यंत गेली तर नाही. डिस्ककडच्या तोंडाला हा व्हॉल्व्ह अजिबात नको.

एक अपवाद आहे. १९५०च्या दशकातल्या अनेक पिकअपमध्ये मास्टर सिलिंडर पायाखाली, चासीला लावलेला असतो. तिथे तो कॅलिपरपेक्षा खाली येतो आणि गाडी उभी असताना तेल उलटे त्याच्याकडे उतरते. सकाळी पहिले पेडल रिकामे जाते. अशा गाडीत डिस्कच्या नळीवर २ पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह लावतात. एवढ्या दाबाने पॅड घासत नाही, तेल मात्र जागी राहते. मागच्या ड्रमच्या नळीवर १० पीएसआयचाच.

पुशरॉडबाबत दोन गोष्टी. बूस्टर नसलेल्या सिलिंडरच्या पिस्टनमधला खड्डा खोल असतो, म्हणजे रॉड त्यातून निसटत नाही. बूस्टरवाल्याचा उथळ असतो. उथळ खड्ड्याचा सिलिंडर बूस्टरशिवाय लावला तर पेडल झटक्यात वर आले की रॉड बाहेर पडू शकतो, आणि मग ब्रेक शून्य.

दुसरी गोष्ट बूस्टरचा रॉड आणि पिस्टन यांच्यातल्या फटीची. साधारण अर्धा मिलिमीटर हवी. रॉडच्या टोकावर मऊ चिकणमातीचा वाटाण्याएवढा गोळा लावा, सिलिंडर बोल्ट आवळून बसवा, पुन्हा काढा आणि चपटलेल्या मातीची जाडी मोजा. फट जास्त असेल तर पेडल आधी रिकामे चालते. फट उरलीच नाही तर पिस्टन कायम किंचित पुढे राहतो आणि तेल परत कप्प्यात जाण्याचे सुईएवढे भोक झाकतो. मग गाडी पहिली पाच मिनिटे छान चालते, तेल तापून फुगते, त्याला परतायला वाट नसते आणि ब्रेक आपोआप लागत जातो. सगळे जोडून झाल्यावर कप्प्याचे झाकण उघडून पेडल बोटाने हलके दाबा. पहिल्या काही मिलिमीटरांतच तेलाची बारीक उकळी वर आली पाहिजे. आली नाही तर भोक झाकलेले आहे.

पुढच्या चाकाचे काम

काम सुरू करण्याआधी चाकाची रिम तपासा. १४ इंची रिममध्ये बहुतेक कॅलिपर बसत नाहीत. १५ इंचीमध्ये बसतात, पण जुन्या रिमचा आतला आकार वेगळा असू शकतो. डिस्क आणि कॅलिपर जोडल्यावर टायर न चढवलेली रिम हाताने फिरवून पाहणे सर्वांत खात्रीचे. बोल्टांचा हिशेबही बघा. उदाहरणार्थ, शेवरोले सी-१०ला १९७१ पासून कारखान्यातूनच पुढे डिस्क आली, पण त्याच वर्षी चाक ५.५ इंच वर्तुळावरच्या सहा बोल्टांवरून ५ इंच वर्तुळावरच्या पाच बोल्टांवर गेले. १९७०च्या गाडीवर १९७१चे सुटे भाग चढवले तर पुढे पाच आणि मागे सहा बोल्ट, आणि स्टेपनी अर्ध्या गाडीलाच उपयोगी. सहा बोल्टांच्या डिस्क वेगळ्या मिळतात. काही किटमुळे प्रत्येक बाजूला चाक १५ ते २५ मिमी बाहेर येते. गाडी खाली बसवलेली असेल तर टायर मडगार्डला घासतो, तेव्हा हा आकडा विकत घेण्याआधी विचारून घ्या.

किट दोन प्रकारचे. पहिल्यात मूळ स्पिंडल (चाक ज्यावर फिरते तो भाग) ठेवून त्यावर कॅलिपरचा ब्रॅकेट बोल्टने बसतो. सरळ अ‍ॅक्सल आणि किंगपिनच्या जुन्या गाड्यांना हा सोपा. दुसऱ्यात स्पिंडलच बदलतो. हा बॉल जॉइंटच्या गाड्यांना जास्त नीटस, कारण ब्रॅकेटची जागा स्पिंडलमध्येच घडवलेली असते.

गाडी पक्क्या जमिनीवर घ्या, मागच्या चाकांना ठोकळे लावा, चासी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर काम नाही. जुना ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचे. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका.

कॉइल स्प्रिंगच्या गाडीत स्पिंडल काढताना सर्वांत मोठा धोका स्प्रिंगचा आहे. खालच्या आर्मखाली जॅक लावून त्याचा भार घेतल्याशिवाय बॉल जॉइंट सोडवू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर ठेवा आणि स्पिंडलच्या ज्या कानात जॉइंट बसतो त्या कानावर बाजूने हातोडीचे दोन-चार घट्ट टोले द्या. जॉइंट सुटतो आणि नट त्याला उडू देत नाही. काट्याच्या आकाराची पाचर ठोकली तरी सुटतो, पण रबरी बूट फाटतो.

नव्या स्पिंडलचे भोक आणि बॉल जॉइंटचा उतार जुळतो का, तेही आत्ताच बघा. जुळत असेल तर नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. स्प्लिट पिनचे भोक समोर आले नाही तर नट आणखी आवळून भोक जुळवा. सैल करून कधीच नाही.

बेअरिंगसाठी डिस्क ब्रेकचे उच्च तापमानाचे ग्रीस वापरा, डिस्कची उष्णता हबपर्यंत पोचते. तळहातावर लिंबाएवढे ग्रीस घ्या. बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबून ओढा, पुन्हा दाबून ओढा, म्हणजे दुसऱ्या बाजूने प्रत्येक दोन रोलरांच्या मधून ग्रीसच्या बारीक अळ्या बाहेर येऊ लागतील. थोडे फिरवा आणि पूर्ण गोल होईपर्यंत चालू ठेवा. वरवर माखलेले बेअरिंग आत कोरडेच असते आणि पहिल्या लांब प्रवासात आवाज करते. आतले बेअरिंग, मग सील, मग डिस्क स्पिंडलवर, बाहेरचे बेअरिंग, वायसर, नट. डिस्क हाताने फिरवत नट सुमारे १६ न्यूटन-मीटरने आवळा, म्हणजे सगळे जागी बसेल. मग सैल करा, बोटांनी घट्ट करा आणि पिनेचे भोक जुळेल एवढेच मागे फिरवा. अखेर चाकात ०.०२५ ते ०.१३ मिमी खेळ राहिला पाहिजे. हे बेअरिंग आवळून ठेवायचे नसते.

नव्या डिस्कवर गंज न लागण्यासाठी तेलाचा थर असतो. ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजू धुवा, फडके स्वच्छ निघेपर्यंत. तो राहिला तर पॅडमध्ये मुरतो आणि पॅड बाद होतो. डायल गेज असेल तर डिस्कची डुगडुग ०.१ मिमीच्या आत आहे का पाहा.

कॅलिपर बसवताना एक चूक फार जणांकडून होते. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. दोन्ही बाजूंना तो व्यवस्थित बसतो, बोल्टही लागतात, पण हवा काढायचे निप्पल खाली येते. हवा वर जाते आणि तिथून बाहेर पडायला वाट नसते. कितीही तेल काढले तरी पेडल स्पंजसारखेच राहते. निप्पल कायम सर्वांत वर. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. साधे ग्रीस रबर फुगवते आणि कॅलिपर अडकतो.

होज जोडताना बोल्टच्या दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वायसर. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, आर्म पूर्ण खाली आणि पूर्ण वर असतानाही पाहा. होज कुठे ताणला जात नाही, टायरला किंवा आर्मला लागत नाही, पिळलेला नाही, याची खात्री करा.

नळ्या आणि व्हॉल्व्ह

नळी पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची ब्रेकसाठीची घ्या. नुसत्या तांब्याची नळी चालत नाही, ती थरथरीने कडक होऊन तडकते. या गाड्यांत नळीचे तोंड ४५ अंशांचे आणि दुहेरी दुमडलेले असते. एकेरी दुमडलेले तोंड फाटते. दुमडण्याआधी नट नळीत सरकवायला विसरू नका, कापलेले टोक आतून-बाहेरून घासून साफ करा, आणि तयार तोंड डोळ्यांजवळ धरून बघा. ते सगळीकडे सारखे गोल आणि मध्यावर हवे. एका बाजूला झुकले असेल तर कापून पुन्हा करा, नट जास्त आवळून गळती थांबत नाही.

मागे ड्रम ठेवले असतील, आणि हँडब्रेकच्या सोयीसाठी ते ठेवणेच बहुधा शहाणपणाचे, तर डिस्क आणि ड्रम यांच्यात समेट घालणारा व्हॉल्व्ह लागतो. ब्रेक दाबताच डिस्क लगेच पकडते, ड्रमच्या शूला मात्र आधी स्प्रिंगांचा ताण मोडावा लागतो. म्हणून मीटरिंग व्हॉल्व्ह सुरुवातीला पुढचा दाब क्षणभर थोपवतो. आणि जोरात ब्रेक लावल्यावर मागची चाके आधी लॉक होऊ नयेत म्हणून प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह एका मर्यादेनंतर मागचा दाब हळू वाढू देतो.

पिकअपला हा दुसरा व्हॉल्व्ह मोटारीपेक्षा जास्त का लागतो, ते एका उदाहरणाने पाहू. १,७०० किलोची रिकामी पिकअप, पुढे ९८५ आणि मागे ७१५ किलो भार. गुरुत्वमध्य ६५ सेंमी उंच, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.९२ मीटर. कोरड्या रस्त्यावर जोरात, म्हणजे ०.७ जीने (गुरुत्वीय त्वरणाच्या ०.७ पट) थांबताना सुमारे २६५ किलो भार मागून पुढे जातो. मागच्या दोन चाकांवर उरतो ४५० किलो. एवढ्या हलक्या चाकांना पूर्ण दाब दिला तर ती लॉक होतात आणि गाडीचा मागचा भाग बाजूला निघतो. हौदा भरला की गणित पार बदलते आणि मागच्या ब्रेकची खरी गरज तेव्हाच पडते. नेहमी माल नेणाऱ्या गाडीला फिरकीने दाब ठरवता येणारा व्हॉल्व्ह उपयोगी, पण सेटिंग रिकाम्या गाडीवरच करा.

मीटरिंग आणि प्रपोर्शनिंग ही दोन्ही कामे एका डब्यात करणारा कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह लावला असेल तर त्याच्या पुढे आणखी एक प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह जोडू नका. दाब दोनदा कापला जातो आणि मागचा ब्रेक नावापुरता उरतो.

ब्रेक लाइटचा स्विचही पाहून घ्या. जुन्या गाड्यांत तो तेलाच्या दाबावर चालतो. हलक्या ब्रेकला दिवा उशिरा पेटू शकतो किंवा पेटतच नाही. पेडलवर बसणारा साधा स्विच बरा.

हवा काढणे

मास्टर सिलिंडर गाडीत बसवण्याआधी टेबलावरच त्याची हवा काढा. व्हाइसमध्ये आडवा, सपाट धरा, दोन्ही तोंडांना छोट्या नळ्या लावून त्यांची टोके कप्प्यांतल्या तेलात बुडवा. बोथट दांड्याने पिस्टन सावकाश दाबा, सावकाश सोडा. आधी मोठे बुडबुडे येतात, मग बारीक फेस, मग काहीच नाही. नळ्या काढून तोंडे बंद केली की पिस्टन जेमतेम ३ मिमी हलला पाहिजे. जास्त हलत असेल तर हवा आत आहेच.

मागचे शू हवा काढण्याआधी अ‍ॅडजस्ट करा. ड्रम फिरवताना किंचित घासेल एवढे. हे वगळल्यामुळे पेडल खाली जाते आणि लोक आठवडाभर हवाच काढत बसतात.

तेल डॉट ३ किंवा डॉट ४. कोरडे असताना उकळण्याचे किमान तापमान अनुक्रमे २०५ आणि २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १४० आणि १५५. डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते या दोन्हींत मिसळू नका. सांडलेले तेल रंग खाते, लगेच पाण्याने धुवा. सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरू करून जवळ या. पेडल सावकाश दाबायचे, निप्पल उघडायचे, पेडल खाली पोचले की निप्पल बंद, मगच पाय उचलायचा. कप्प्यातले तेल कधीही तळाला जाऊ देऊ नका. दाबाच्या यंत्राने हवा काढत असाल तर मीटरिंग व्हॉल्व्हची पिन उघडी धरावी लागते, नाहीतर पुढे तेलच येत नाही. पायाने दाबताना तो आपोआप उघडतो.

पहिल्या फेऱ्या

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतोय. मिनिटभर जोरात दाबून धरा, सावकाश खाली सरकत असेल तर कुठे तरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतले सील गेले आहे. सगळे जोड पांढऱ्या कागदाने पुसून बघा, कागदावर थेंब लपत नाही.

रहदारी नसलेल्या मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने सुरुवात करा. पॅड बसवण्यासाठी ताशी ५० वरून १० किमीपर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने वेग कमी करा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट मोकळे चालवा. मध्ये पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका, तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि पुढे पेडल थरथरते. त्यानंतर वीस मिनिटे ब्रेक फारसा न लावता गार होऊ द्या.

मागच्या दाबाची फिरकी यानंतर. सर्वांत कमी दाबापासून सुरू करा आणि कोरड्या, रिकाम्या जागेत एकेक पाव फेरी वाढवत जोरात ब्रेक लावा. बाहेर उभा असलेला माणूस कोणती चाके आधी लॉक होतात ते सांगेल. मागची आधी लॉक झाली की पाव फेरी मागे घ्या आणि तिथेच लॉकनट आवळा.

पहिल्या १०० किमीनंतर कॅलिपरचे आणि ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, बेअरिंगचा खेळ पाहा, कप्प्यातली पातळी पाहा. मग ब्रेक न वापरता काही किलोमीटर चालवून थांबा आणि हाताचा तळवा दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्याजवळ धरा, टेकवू नका. दोन्हीकडे सारखीच ऊब हवी. एका बाजूने धग आली तर त्या कॅलिपरची पिन अडकली आहे. दोन्हींकडून आली तर पुन्हा पुशरॉडची फट आणि तो छोटा रबरी व्हॉल्व्ह.